हलव्याचे दागिने घरी करायचेत, कुणी केलेत का?

मंडळींनो, नमस्कार.
भावाचं लग्न जूनमध्ये झालं, त्यामुळे वहिनीची ही पहिली संक्रांत. तिचं माहेर सुरतचं. उत्तरायणाचे पतंग तिला पाठ आहेत, पण हलव्याचे दागिने तिने फक्त फोटोत पाहिलेत. दोघं सिंगापूरला असतात. पुण्याहून तयार सेट सहज जाईल, पण आई सध्या अमेरिकेत मिनियापोलिसला माझ्याकडे आहे आणि आम्हा दोघींना ते हातानेच करायचेत. हलवा आयता घेऊन नुसते दागिने गुंफावेत, की हलवाही घरीच करावा?
– मेघना

*

मेघना,
हलवाही घरीच कर. आयत्या हलव्याचे दाणे सगळे एका मापाचे मिळतील याची खात्री नसते आणि दागिन्याला सारखा दाणा लागतो. शिवाय मुंबईच्या दमट हवेत जो पाक सुकता सुकत नाही, तो इथे हीटरच्या कोरड्या हवेत बघता बघता सुकतो. या थंडीचा एवढा तरी उपयोग होऊ दे!

एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढ आणि पाक गाळून घे. एकतारीच्या जरा अलीकडेच थांब. पसरट परातीत मूठभर तीळ किंवा हलका भाजलेला साबुदाणा घे. आच अगदी मंद हवी. पाक लहान चमच्यानेच घालायचा आणि बोटांनी दाणे अलगद फिरवत राहायचे. ते कोरडे झाल्याशिवाय पुढचा चमचा नाही. पाक जास्त पडला तर गोळे होतात, आणि दाणे जोरात चोळले तर त्यांच्यावर आलेला काटाही (साखरेची बारीक टोकं) झडतो. पहिल्या दिवशी हाती फक्त पांढरे तीळ लागतील, त्यावरून हिरमुसू नकोस. रात्री परात झाकून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा दिसायला लागतो. थोड्या पाकात केशर घातलंस तर पिवळे दाणे वेगळे होतील, ते मंगळसूत्राला छान दिसतात.

आता गुंफणं. सुईने भोक पाडायला जाऊ नकोस, दाणा फुटतो. दुपदरी दोऱ्यात दाणा धरायचा आणि पुढे गाठ मारायची, प्रत्येक दाण्याला तसंच. वेळखाऊ आहे, पण आईशी गप्पा मारायला बरं. हल्ली पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवतात. दिसतं झकास, पण ते खायचं कसं? माझ्या मते दोऱ्याचेच करावेत. बांगड्या आणि मुकुटाला पुठ्ठ्याशिवाय गत्यंतर नाही, तेवढं चालवून घे.
– सुमनकाकू

*

काकूंच्या पत्रात दोन गोष्टींची भर. इलेक्ट्रिक शेगडी असेल तर परातीखाली जाड तवा ठेवा. ती मंद ठेवली तरी मधूनच तापते आणि पाक पिवळा पडतो. दुसरी जास्त महत्त्वाची. बारीक हलव्याला आपण खसखस वापरतो. सिंगापूरला पाठवायचा असेल तर खसखस अजिबात नको. तिथे आणि दुबई-अबुधाबीतही तिच्यावर बंदी आहे. कस्टमवाल्यांना संक्रांत समजावत बसावं लागेल.
– श्रीकांत

*

मेघना, मी हे दागिने घेणाऱ्या बाजूला होते म्हणून लिहिते. सासूबाईंनी तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं स्वतः केलं होतं. काळी चंद्रकळा नेसून हे सगळं अंगावर चढवल्यावर कळलं की मान वळवायची सोय नाही. कंबरपट्टा तर बसताना तुटलाच. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुटला तो खाऊन टाक." नवऱ्यालाही हार आणि हलव्याने मढवलेला नारळ होता. त्याच्या अमेरिकन मित्राने तो हार मागून घेऊन गळ्यात घातला आणि फोटो होईपर्यंत अर्धा संपवलाही. तेव्हा थोडे सुटे दाणे नक्की पाठव, डागडुजीला आणि पाहुण्यांना. आणि एकदम भरजरी सेट करू नकोस. मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या एवढं नीट झालं तरी नवी सून नटते. बाकीचं तिच्या बाळाच्या बोरन्हाणाला करशील.
– अनुजा

*

सगळ्यांचे आभार! खसखस रद्द, तीळ आणि साबुदाणाच. आईने मंगळसूत्राच्या वाट्या करायला घेतल्या आहेत. भावालाही नारळ हवाय, त्याने स्वतःच मागून घेतला. बांगड्यांचं माप वहिनीला न कळता मिळवायचं होतं, म्हणून त्यालाच सांगितलं. त्याने सरळ तिलाच विचारलं. आता ती रोज फोन करून विचारते, काटा आला का? अजून नाही. काकू, शनिवारी परात घेऊन तुमच्याकडे येऊ का?
– मेघना