मदत हवी आहे : आयडी फेलोंची गुरुवारची कॉन्फरन्स, आणि न पाहिलेली प्लेट (नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

इथे डॉक्टर आहेत, लॅबवाले आहेत, डॉक्टरांच्या घरचेही आहेत, म्हणून इथेच विचारते. नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात मी संसर्गजन्य रोगांची, म्हणजे आमच्या बोलीत आयडीची, फेलो आहे. एमडी मेडिसिननंतरची दोन वर्षांची फेलोशिप. फेलो दोघंच, वर एक सर. सरांनी दोन महिन्यांपूर्वी दर गुरुवारी दुपारी ३ची क्लिनिकल कॉन्फरन्स माझ्या गळ्यात घातली. पहिल्या गुरुवारी सोळा जण आले, कारण समोसे होते. गेल्या गुरुवारी पाच, त्यातला एक बहुतेक एसीसाठी.

लोक येत नाहीत यात त्यांची चूक नाही. आम्ही दाखवतो ते सुटलेलं गणित. पहिल्या स्लाइडवर ताप, तिसाव्या स्लाइडवर निदान, मग टाळ्या. ऐकणाऱ्याने डोकं चालवायचं कुठे?

एक उदाहरण देते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). पावसाळ्यात उरणकडचे एक काका आले. भातशेती, जुना मधुमेह, तीन आठवडे ताप, सोनोग्राफीत यकृतात आणि प्लीहेत गळवं. आमची कल्चर्स (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) बाहेरच्या लॅबला जातात, रिपोर्ट मोबाइलवर पीडीएफ होऊन येतो. रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आलं 'सुडोमोनास'. खाली अँटिबायोटिकांची यादी : जेंटामायसिन आर (म्हणजे चालत नाही), कोलिस्टिन आर आणि ॲमॉक्सी-क्लॅव एस (म्हणजे चालतं)! नेहमीचा सुडोमोनास ॲमॉक्सी-क्लॅवला जुमानत नाही आणि कोलिस्टिनपुढे बहुधा नमतो. इथे सगळं उफराटं. मला ते उमगायला दीड दिवस लागला. निघाला बर्कहोल्डेरिया सुडोमॅलाय, म्हणजे मेलिऑइडोसिस, माती-पाण्यातल्या जंतूचा आजार. आधी मेरोपेनेम, मग कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या तीन महिने. काका आता ठणठणीत आहेत, फोन करून भात झोडपून झाल्याचं सांगत होते.

पण ती प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची बशी, मी पाहिलीच नाही. ग्रॅम स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली) सेफ्टी पिनसारखे दिसणारे ते जंतू, दोन्ही टोकं रंगलेली, मध्ये फिकट. प्लेटवर दिवसागणिक सुरकुतत जाणाऱ्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. हे सगळं मला फोटोंतूनच ठाऊक. लॅब त्याच इमारतीत असलेल्या ठिकाणचे फेलो सकाळी प्लेट राउंड करतात, म्हणजे लॅबमध्ये जाऊन प्लेट्स स्वतः पाहतात. मी सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलला लटकत पीडीएफ वाचते. वर कळस म्हणजे हीच केस कॉन्फरन्सला मांडली तेव्हा पहिल्या स्लाइडवर मीच लिहिलं होतं, 'मेलिऑइडोसिस : एक केस'. पडदा उघडायच्या आधीच खुनी सांगून टाकला.

तर, लॅब दूर असताना प्लेट राउंड कसा जमवायचा? आणि या गुरुवारचं काय करू? शिवाय बाहेरच्या परिषदांचं विचारायचं आहे. सर म्हणतात, एप्रिलमध्ये युरोपात होणाऱ्या 'एस्कमिड ग्लोबल'ला (२०२३ पर्यंतची 'एकमिड') पोस्टर पाठव. माझ्या स्टायपेंडमध्ये व्हिसा आणि विमान बसत नाही.

— तापमापक

काचपट्टी : ताई, मी मायक्रोबायोलॉजीची. रिपोर्टवर सही करणाऱ्या मॅडमना सरळ फोन लावा. आमच्याकडे दिवसभर नमुने येतात, त्यामागचा पेशंट कोणी सांगत नाही. तुम्ही दोन ओळींची हिस्ट्री दिलीत तर त्या ग्रॅमचा फोटो लगेच पाठवतील, आणि रिपोर्ट सुटला तरी प्लेट काही दिवस टाकून देऊ नका म्हटलं तर ठेवतीलही. खरं तर उरणची भातशेती आणि मधुमेह एवढं फॉर्मवर असतं तर तो 'सुडोमोनास' तसाच बाहेर पडलाच नसता. गुरुवारी त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. आणि वर्षातून दोन आठवडे तिथे जाऊन बसाच. एक मात्र ध्यानात ठेवा. आम्ही पूर्वी प्लेट हुंगून द्राक्षासारखा वास आला की सुडोमोनास म्हणायचो. सुडोमॅलायची प्लेट हुंगायची नाही, उघडायची ती सेफ्टी कॅबिनेटमध्येच.

घोडबंदरचा म्हातारा : निवृत्त फिजिशियन, ठाणे. स्लाइड बंद करा, पाटी आणा. निदान न झालेली केस घ्या, सरांनाही उत्तर माहीत नसलेली. रिपोर्ट हातात येतो त्या क्षणाला थांबा, प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लावा : आता कोणतं औषध, कोणती तपासणी. सरांचीही चिठ्ठी त्यात टाका, मग बघा गर्दी. आणि सुरुवातीला सगळ्यांना पाच मिनिटं कॉटपाशी न्या. स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची) काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली दडलेली असते. स्लाइडवर ती नेहमी मधोमध असते. ३ वाजता ओपीडीवाले येणार नाहीत, १ची वेळ करा. मोठ्यांना आणायचं तर मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट मिळवा. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० लागतात, तिथे सगळे नरम येतात. युरोप पळून जात नाही. आधी आपल्या सीआयडीएसच्या (भारतातल्या आयडी डॉक्टरांच्या संघटनेच्या) वार्षिक परिषदेला, 'सिड्सकॉन'ला ही उरणची केस पाठवा. तिथे हा जंतू पाहिलेले लोक भेटतील.

डॉक्टरीणबाई : मी डॉक्टर नाही, डॉक्टरची बायको. समोसे बंद करू नका.

तापमापक : सगळ्यांचे आभार. लॅबच्या मॅडमना फोन केला. पहिलं वाक्य त्यांचं, "त्या उरणच्या पेशंटचं पुढे काय झालं हो?" प्लेट अर्थातच कधीच गेली होती, पण फोटो त्यांनी स्वतःसाठी काढून ठेवला होता. तो आलाय. या गुरुवारी १ वाजता त्या कॉलवर असतील. केस नवी, बारा दिवस तापाची, निदान नाही. आजोबा, तुमचं वाचून संध्याकाळी परत वॉर्डात गेले आणि काखा, जांघा पाहिल्या. खपली नाही. गुडघ्यामागे मात्र काहीतरी आहे, सरांना अजून सांगितलेलं नाही. चिठ्ठीत काय लिहितात ते बघू.