गावच्या घराचं व्हॅल्युएशन लवकर व्हावं म्हणून आपल्या हातात काय असतं?

कलमांचा_राखणदार
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, समुद्रापासून फार लांब नाही. दुरुस्ती आणि मागच्या बाजूला दोन खोल्या, यासाठी घरावर कर्ज काढतोय. बँकेच्या शाखेत विचारलं की एकच उत्तर, 'टेक्निकल व्हायचंय', म्हणजे घराची पाहणी करून किंमत ठरवायची आहे. व्हॅल्युअर रत्नागिरीहून येणार म्हणे. मी डोंबिवलीत, गावी फक्त आई. पावसाच्या आत कौलं उतरवून चढवायची आहेत, म्हणून घाई. सातबारावर वारस म्हणून आमची नावं लागली आहेत, घरपट्टी मात्र अजून आजोबांच्याच नावाने येते. काम लवकर व्हावं म्हणून कुणी काय केलंत?

खाडीपलीकडचा
आधी शाखेत एवढंच विचारा: काम व्हॅल्युअरला सोपवलंय का? कधीकधी फी भरायची राहिलेली असते आणि फाईल तिथेच पडून असते. आपण मात्र 'व्हॅल्युअर येत नाही' म्हणून त्या माणसाला शिव्या घालतो. काम सोपवलं असेल तर त्यांचा नंबर मागून घ्या, पण भेटीची वेळ ठरवण्यापुरताच. आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, सोबतच सुरू करायला सांगा. एक झाल्यावर दुसरं, असं केलंत तर गणपती येतील.

टेप_आणि_टोपी
काही वर्षं एका व्हॅल्युअरकडे साइटवर फिरायचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घर मोजायला फार वेळ लागत नाही. अहवाल अडतो तो 'कागदावरचं घर हेच' असं लिहून देता येत नाही म्हणून. शहरात फ्लॅट नंबर असतो, सोसायटीची पाटी असते. आपल्याकडे सातबारावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, घरपट्टीवर घर क्रमांक, आणि या दोहोंना जोडणारा कागद बहुतेक वेळा कुणाकडेच नसतो. त्यात तुमच्याकडे दोन्हीवर नावं वेगळी. तुमची अडचण मला तरी इथेच दिसते.

म्हणून वारसाचा फेरफार उतारा, म्हणजे सातबारावर नाव बदलल्याची नोंद, फाईलमध्ये घाला. आजोबा ते तुम्ही हा दुवा त्यात दिसतो. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, तो ताजा काढा. सोबत आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा, आणि ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा, म्हणजे नमुना ८. घर गावठाणात असेल आणि तुमच्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी होऊन सनद मिळाली असेल तर उत्तमच, मिळकतीचा नकाशाच हाती येतो. सरकारी मोजणी केली असेल तर 'क' प्रत, म्हणजे तिचा हद्दी दाखवणारा नकाशा. नसेल तर साध्या कागदावर चतुःसीमा लिहा: पूर्वेला कोणाची बाग, पश्चिमेला पाणंद, वगैरे. व्हॅल्युअर जागेवर हेच ताडून बघतो.

दुसरी गोष्ट दराची. रेडी रेकनरचा सरकारी दर त्याला मिळतो, पण बाजारभाव ठरवायला आसपासचे व्यवहार लागतात आणि वाडीत ते क्वचितच होतात. शेजारपाजारी अलीकडे जागा विकली गेली असेल तर तिचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून द्या. त्याची शोधाशोध वाचते. आकडा किती लिहायचा ते मात्र सांगायला जाऊ नका.

भेटीच्या दिवशी सगळ्या खोल्या उघड्या हव्यात. काकांच्या वाटणीची खोली कुलूपबंद आणि किल्ली परळला, हे मी इतक्यांदा पाहिलंय की विचारू नका. एक खोली राहिली तरी पुन्हा फेरी. वासे बदलले, स्लॅब टाकला, त्याचं साल आणि बिलं असतील तर काढून ठेवा. घराचं वय आणि उरलेलं आयुष्य अहवालात लिहावंच लागतं.

माडाखालून
भेटीआधी रान बेणून घ्या! आमच्या हयसर व्हॅल्युअर इलो नि हद्दीचो गडगोच दिसाक नाय. परत गेलो बिचारो.

हर्णै_बंदर
समुद्र जवळ म्हणताय, तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या नियमांचा, प्रश्न येणारच. तो व्हॅल्युअरने जागेवर काढला की फाईल थांबलीच म्हणून समजा. घर १९ फेब्रुवारी १९९१ च्या, म्हणजे पहिल्या सीआरझेड अधिसूचनेच्या आधीचं असेल तर तसा पुरावा आधीच लावा. घरपट्टीची जुनी पावती, असेसमेंटचा जुना उतारा, काहीही ज्यावर साल आहे. आजोबांच्या नावाची घरपट्टी इथे उलट कामाला येईल. नव्या दोन खोल्यांचं गणित वेगळं. त्यांना परवानगी लागेल आणि बँक मंजूर नकाशा मागेल. दुरुस्ती आणि वाढीव बांधकाम एकाच अर्जात घातलंय का?

पुणेरी_पाहुणा
एवढा खटाटोप कशाला, व्हॅल्युअरला चहापाणी द्या, दोन दिवसांत अहवाल हातात.

टेप_आणि_टोपी
चहा जरूर द्या, कोकम सरबत दिलंत तर आणखी बरं. पाकीट नको. कुणकुण लागली तर बँक दुसरा व्हॅल्युअर नेमते आणि सगळं पहिल्यापासून. आणि आकडा फुगवून घेतलात तरी कर्ज तुमच्या पगाराला झेपेल तेवढंच मिळणार.

कलमांचा_राखणदार
हर्णैकर, दोन्ही एकाच अर्जात आहे. आता शाखेत विचारतो, दुरुस्तीचं आधी वेगळं करता येईल का ते. कौलांचं काम तरी सुटेल. परळच्या किल्लीवरून हसलो खरा, पण आमची दादरला आहे! आईला मोजणी-बिजणीचं काही सांगता येणार नाही, शेजारचा भाचा उभा राहिला तर चालेल का?

टेप_आणि_टोपी
चालेल, फक्त त्याला हद्द माहीत हवी, आणि कुणाला पाठवताय ते शाखेला आधी कळवा. लोकेशन पाठवून भागेल असं समजू नका, मॅपवर वाड्या भलतीकडेच दिसतात आणि वाटेत रेंज जाते. भाच्याला एसटी थांब्यावरच उभं करा.

खाडीपलीकडचा
घरपट्टीवर नाव बदलायचा अर्जही आताच देऊन ठेवा, पोच घ्या आणि तिची प्रत फाईलला लावा. ग्रामसेवकांकडे एकाहून जास्त गावं असली तर रोज भेटत नाहीत. तुमच्याकडे कुठल्या वारी असतात ते आधी फोन करून विचारा.