जळगाव-धुळे-नंदुरबारच्या आरोग्य आराखड्यासाठी गणिती प्रारूपांवर विसंबावे का?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांमधील चर्चा)

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आपल्याकडे रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांचा आकडा वाढला की ‘खाणेपिणे बिघडले’ किंवा ‘आरोग्य खाते झोपले आहे’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, परंतु नुसत्या वाढलेल्या आकड्यावरून त्यांपैकी एकही सिद्ध होत नाही. जिल्ह्याचा आराखडा करताना नोंदवहीतील बेरजेऐवजी गणिती प्रारूपाचा आधार घ्यावा, असे माझे मत आहे.

या विषयातील सर्वांत साधे प्रारूप तीन अवस्थांचे असते: निरोगी, आजारी आणि मृत. निरोगी माणूस आजारी पडण्याचा दर, निरोगी माणसाचा मृत्युदर आणि आजारी माणसाचा मृत्युदर हे तीन दर वयोगटानुसार ठाऊक असतील, तर कोणत्या वयात किती लोक आजारासह जगत असतील हे काढता येते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दर हजार निरोगी लोकांमागे वर्षाला 10 जण आजारी पडतात आणि आजारासह सरासरी 12 वर्षे जगतात, असे धरले आणि परिस्थिती स्थिर मानली, तर आजारी लोकांचे प्रमाण सुमारे 10.7 टक्के येते. आता औषधे नियमित मिळू लागली आणि तेच लोक 18 वर्षे जगू लागले, तर प्रमाण 15.3 टक्क्यांवर जाते. नव्या रुग्णांचा दर तसूभरही वाढलेला नाही. वाढले आहे ते आयुष्य. साथरोगतज्ज्ञ ग्रुएनबर्ग यांनी 1977 मध्ये याला ‘यशाचे अपयश’ म्हटले होते. उलट डॉक्टर फ्राइस यांनी 1980 मध्ये असे मांडले की आजार उशिरा सुरू होऊ लागले, तर आजारपणाचा काळ आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आक्रसत जाईल. खानदेशात यांपैकी काय घडते आहे, हे रुग्णांची डोकी मोजून कधीच कळणार नाही.

सातपुडा-पायथा (धडगाव)

गणित निर्दोष आहे, पण ते ज्या वयावर उभे आहे ते वयच आमच्याकडे कच्चे आहे. डोंगरातील म्हाताऱ्या माणसाला वय विचारले तर ‘बहात्तरच्या दुष्काळात माझी दोन पोरं चालती होती’ असे उत्तर मिळते, आणि त्यावरून लिहिणारा पंच्याहत्तर किंवा ऐंशी लिहून मोकळा होतो. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी असलेले किती ज्येष्ठ आपल्या गावात आहेत, ते एकदा पाहा. त्यातच श्रावणबाळ योजनेसाठी वय 65 लागते, एसटीत 65 पासून अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील प्रवास मोफत आहे; त्यामुळे कागदावरचे वय वरच्या दिशेनेच सरकते. यात मी लोकांना दोष देत नाही. पण साठीचा माणूस पासष्टच्या रकान्यात बसला की त्या वयाचा आजाराचा दर आहे त्यापेक्षा कमी दिसतो, उतारवयातील मृत्युदरही कमी दिसतो, आणि परिणामी आजारासह जगण्याचा काळ विनाकारण लांबलेला भासतो. म्हणजे ज्या 12 आणि 18 वर्षांवर तुमचे सगळे विवेचन उभे आहे, नेमकी तीच संख्या बिघडते.

दुसरे म्हणजे स्थलांतर. तरुण सुरतेला किंवा ऊसतोडीला गेले की गावातील वृद्धांचा टक्का आपोआप वाढतो. त्यात कोणी अधिक आजारी पडलेले नसते.

गिरणाकाठ

स्थलांतराचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. वयानुसार दर वेगळे केले की गावातील वृद्धांचा वाढलेला टक्का आजाराच्या वाढीत मिसळत नाही. कच्च्या बेरजेत मात्र तो मिसळतोच. आणि आकडे दुसरीकडून घेण्याची परंपरा जुनी आहे. गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने 1760 मध्ये देवी टोचण्याचा लाभ मोजला, तो खगोलशास्त्रज्ञ हॅलीने केलेल्या युरोपातील ब्रेस्लाऊ शहराच्या मृत्युकोष्टकावरून, म्हणजे कोणत्या वयात किती लोक मरतात हे दाखवणाऱ्या तक्त्यावरून.

सातपुडा-पायथा

ब्रेस्लाऊमध्ये मृत्यूची नोंद वयासह होत होती, म्हणूनच तर हॅलीला 1693 मध्ये ते कोष्टक मांडता आले! आमच्याकडे पाड्यावरच्या मृत्यूचे कारण ‘म्हातारपण’ असेच सांगितले जाते.

तापीकाठी (भुसावळ)

तीनच अवस्था धरल्यामुळे तुम्ही दोघेही एका मोठ्या गटाला वगळत आहात: ज्यांना आजार आहे, पण तो कोणी तपासलेलाच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहा. देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के आढळले, शहरी भागात 16.4 आणि ग्रामीण भागात 8.9. ही पाहणी घरोघरी जाऊन रक्त तपासून झाली, रुग्णालयाच्या वह्यांवरून नव्हे. आपल्याकडे आशा सेविका तिशीपुढील लोकांचे सीबॅक अर्ज (मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका ठरवणारी प्रश्नावली) भरून तपासणीला पाठवू लागल्या की नोंदी वाढणारच, कारण जुनेच रुग्ण नव्याने दिसू लागतात. म्हणून ‘निदान न झालेला आजारी’ ही चौथी अवस्था प्रारूपात हवीच.

भुसावळात रेल्वेचे निवृत्त कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. त्यांची जन्मतारीख सेवापुस्तकात आहे, आणि निवृत्तिवेतनामुळे मृत्यूची तारीखही कळते. आजारासह जगण्याचा काळ त्यांच्यावरून बऱ्यापैकी अचूक काढता येईल. मात्र नोकरी, वेतन आणि औषधोपचाराची सोय लाभलेल्या या लोकांचे दर अक्कलकुव्याच्या शेतमजुराला लावणे मला मान्य नाही. नंदुरबारमध्ये 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तेथे चुलीच्या धुराने होणारे फुप्फुसाचे विकार आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार यांना बाजूला ठेवून केवळ मधुमेह-रक्तदाबाचे प्रारूप चालवणे म्हणजे जळगावचा प्रश्न नंदुरबारला विचारणे होय.

गिरणाकाठ

चौथी अवस्था मान्य आहे. वयाच्या चुकीबाबत माझा मार्ग असा की कागदावरचे वय दोन वर्षांनी, मग पाच वर्षांनी कमी धरून तेच गणित पुन्हा करावे आणि आराखड्यात एका आकड्याऐवजी खालची व वरची मर्यादा द्यावी. त्या दोन मर्यादांत फार अंतर पडले, तर धडगावचे म्हणणे आकड्यांनीच सिद्ध होईल.

सातपुडा-पायथा

मर्यादा द्या, हरकत नाही. पण औषधांची मागणी नोंदवताना रकान्यात एकच आकडा लिहावा लागतो आणि वरून मंजूर होतो तो खालचा. माझी मागणी वेगळी आहे. प्रत्येक तालुक्यात एका उपकेंद्राच्या हद्दीत दुष्काळ, लग्न, थोरल्या अपत्याचा जन्म अशा खुणांवरून ज्येष्ठांची वये आधी नीट ठरवावीत, त्यांचा रक्तदाब व साखर दरवर्षी तपासावी आणि मृत्यूची चौकशी घरी जाऊन करावी. पाच वर्षांत तुमच्या प्रारूपाला आमचे स्वतःचे तीनही दर मिळतील. तोवर नंदुरबारच्या आराखड्यात गणिताने काढलेला आकडा घालण्यास माझा विरोध कायम आहे.

तापीकाठी

आणि त्या पाच वर्षांतल्या गोळ्या कोणत्या आकड्यावर मागवायच्या?