मदत हवी आहे: खाजनाच्या बांधाला सरकार वाटा देईल, पण आमचा वाटा भरायचा कुणी?

नमस्कार मंडळी,

गोव्यात मांडवी नदीकाठच्या एका गावात आमची कुळाची भातशेती आहे, खाजनात. गेल्या वर्षी चतुर्थीनंतरच्या पौर्णिमेला, रात्रीच्या भरतीत बाहेरच्या बांधाला भगदाड पडलं. पाऊस ओसरला होता, नदीचं पाणी पुन्हा खारट व्हायला लागलं होतं. सरदाचं, म्हणजे पावसाळी भात तेव्हा नुकतं निसवलं होतं. आठवड्याभरात सगळं पिवळं पडलं. वडील रोज सकाळी मेरेवर जाऊन उभे राहायचे आणि काही न बोलता घरी यायचे.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून राखलेली जमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचं पाणी दारं आपोआप लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती उघडतं. पहिल्या पावसाने जमिनीतला खार धुऊन गेला की पेरणी. बांध एकदा फुटला की नुसतं त्या वर्षाचं पीक जात नाही, पुढच्या पेरण्याही धोक्यात येतात.

कृषी खात्याच्या भूसंधारण विभागाची माणसं येऊन मोजमाप करून गेली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, नीट बोलले. खर्चाचा एक वाटा सरकार उचलणार, उरलेला कुळ संघटनेने भरायचा, असं आम्हाला सांगितलं. अडचण इथेच आहे. यादीत साठाच्या वर कुळं, आज शेत करणारे आम्ही अकरा जण. बाकीचे कुणी मुंबईला, कुणी आखातात, कित्येकांच्या एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. पड जमिनीसाठी पैसे कशाला भरू, असं ते विचारतात. पण बांध सगळ्यांचाच आहे, माझ्या कुणग्यापुरता तो बांधता येत नाही.

माझा भाचा अमेरिकेत शेतीच्या क्षेत्रात आहे. तिकडे १९३५ साली धुळीच्या वादळांनंतर मृदसंधारणाचं स्वतंत्र खातं निघालं. आज शेतकरी स्वतः अर्ज करतो, करार होतो आणि पाणी, माती किंवा वन्यजीव राखण्याच्या कामाचा साधारण पाऊण खर्चापर्यंतचा भाग सरकार देतं. नवख्या आणि गरीब शेतकऱ्यांना ९० टक्क्यांपर्यंत. शिवाय धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षं गवताखाली ठेवली तर दरवर्षी भाडं मिळतं. ऐकून बरं वाटलं. पण तिथे करार एका माणसाशी, एका शेताशी. आमचं खाजन म्हणजे साठ जणांचं एकच शेत.

दुसरी काळजी मानशीची. तिचा मासळीसाठी लिलाव होतो. घेणारा भरतीलाही दारं उघडी ठेवतो, म्हणजे सुंगटं (कोळंबी) जास्त आत येतात. आत आलेलं खारं पाणी शेतावर चढतं आणि बांधही आतून भिजून पोखरतो. हे थांबवायचं कसं? आणि संघटनेचा वाटा उभा करण्याचा मार्ग कुणी प्रत्यक्ष केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

वायंगण: आमच्याकडे हेच झालं होतं. आधी मानशीच्या लिलावाचा हिशेब मागा. ते उत्पन्न संघटनेचं असतं आणि पहिला हक्क बांधाचा. १९७५ च्या नियमांप्रमाणे कुळ संघटनेची जबाबदारीच मुळी बांध आणि मानस राखण्याची आहे. समिती दाद देत नसेल तर मामलेदारांकडे लेखी जा, तोंडी नको. आम्ही दोन वर्षांचे लिलावाचे पैसे सरळ वाट्यात वळवले, घरोघर वर्गणी मागावीच लागली नाही. लिलावाच्या कागदात अट घाला: पेरणीपासून कापणीपर्यंत भरतीला दारं बंद, नाहीतर अनामत जप्त.

कुळागर: मी सत्तरी तालुक्यातला. आमच्याकडे बांध नाही, गवे आणि खेती (माकडं) आहेत. पण पीक गेलं तर शेतकरी आधार निधीसाठी, म्हणजे सरकारी नुकसानभरपाईसाठी, विभागीय कृषी कार्यालयात लगेच कळवायचं हे पक्कं लक्षात ठेवा. कृषी कार्ड आणि फोटो तयार ठेवा. मी एकदा चतुर्थी होऊ दे म्हणून थांबलो आणि तेवढ्यात पंचनामा करण्यासारखं शेतात काही उरलं नाही.

चिकणमाती: एक विनंती. बांधाच्या बाहेरची खारफुटी काढू देऊ नका. ती लाटेचा मार झेलते आणि ती तोडायला वन खात्याची परवानगी लागते. बांधाच्या माथ्यावर उगवलेली रोपं मात्र मुळांनी बांध फोडतात, त्यांचं परवानगी काढून काय ते करा. खेकड्यांची बिळं दर वर्षी चिखलाने बुजवायला हवीत. पोंय, म्हणजे मानशीमागचा पाण्याचा साठा, मशीन घालून सरसकट उपसू नका. पाणमांजरं तिथेच मासे धरतात. आणि बियाणं कोरगूट या स्थानिक भाताचं घ्या, खार सोसतं. त्यातूनच निवडलेली गोवा धान १ आणि २ ही वाणं जुने गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने दिली आहेत, तिथे चौकशी करा.

धागाकर्ता: वायंगणबाब, तुमचे मनापासून आभार. लिलावाच्या पैशांचा विचार आमच्यात कुणीच केला नव्हता, ते फेस्ताला आणि देवळाच्या दुरुस्तीला वाटले जातात एवढंच सगळ्यांना माहीत. येत्या रविवारी सभा बोलावतो. चिकणमाती, पाणमांजरांच्या विष्ठेत खेकड्यांच्या कवचांचे तुकडे बांधावर दिसतात, आता तिथे मशीन लावू देणार नाही.

मिरगाआधी भगदाड बुजायला हवं, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने आहेत. अट घातलेल्या लिलावाच्या कागदाचा नमुना कुणाकडे असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा. मामलेदारांना द्यायच्या अर्जाला तोच जोडेन म्हणतो.