कासवांची 'लोकसंख्या' म्हणावं का?

ऐरोलीकर: लेकीला शाळेत समुद्री कासवांवर फलक करायचाय. परवा ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र बघून आलो, तेव्हापासून उत्साह दांडगा आहे. इंग्रजी मजकूर मोबाइलवर मराठीत केला तर 'कासवांची भौगोलिक श्रेणी आणि लोकसंख्या आनुवंशिकी' असं बाहेर पडलं. वाचून मीच बुचकळ्यात. काय लिहावं?

घंटाळीचे आजोबा: 'श्रेणी' आधी काढा, ती परीक्षेत मिळते. 'आढळक्षेत्र' लिहा, म्हणजे प्राणी जिथे जिथे आढळतो तो सगळा प्रदेश. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाचं आढळक्षेत्र हिंदी, पॅसिफिक आणि अटलांटिक या तिन्ही महासागरांच्या उष्ण पट्ट्यात आहे. 'अधिवास' नको. त्यातून प्राणी कशा जागी राहतो ते कळतं, नकाशा कळत नाही. (शिवाय अधिवास म्हटलं की मला दाखल्याची रांगच आठवते.) राहिली 'लोकसंख्या'. त्यात लोक आहेत, कासवांना नुसती 'संख्या' पुरे.

सानपाडा: नाही पुरत. इथे मोजदाद करायची नाहीये. आपापसात वीण होणारा गट, असा अर्थ आहे. संख्याशास्त्रात 'समष्टी' म्हणतात, पण सातवीतली मुलगी ते वाचून पान उलटेल. सरळ 'गट' लिहा.

घंटाळीचे आजोबा: मग 'गोत्र' काय वाईट? संस्कृतात कश्यप म्हणजे कासवच. शतपथ ब्राह्मणात कूर्म आणि कश्यप एकच सांगितलेत. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्याला आपण काश्यप देऊन मोकळे होतो, म्हणजे अर्धं गाव कासवाचंच!

सानपाडा: आजोबा, घोटाळा तिथेच आहे. गोत्र बापाकडून येतं. कासवांचे गट ओळखायला अभ्यासक बहुतेकदा मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) डीएनए बघतात आणि तो फक्त आईकडून येतो. मादी जिथे जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते, म्हणून किनाऱ्याची ओळख आईच्या बाजूने टिकते. नर पिल्लू एकदा पाण्यात शिरलं की सहसा पुन्हा वाळूवर येत नाही. तेव्हा शब्द हवाच असेल तर 'माहेर' घ्या. बाळंतपणाला माहेरी जाणं मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

चेंदणी कोळीवाडा: आमची आजी मादीला 'कासवी' म्हणायची. संतांनीही म्हटलंय ना, कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते म्हणून? प्रत्यक्षात बाई खड्डा बुजवते आणि निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. हे कसलं माहेरपण! पण शब्द आवडला.

ऐरोलीकर: लेक विचारतेय, कोकणातल्या वेळासची कासवं आणि ओडिशाची कासवं वेगळ्या माहेरची का?

सानपाडा: तसंच समजत होते. पण २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. पूर्व किनाऱ्यावरच्या रिडलेंचा २००४ सालचा एक अभ्यास आहे, त्यात आईकडच्या डीएनएमध्ये किनाऱ्यागणिक फरक सापडला नव्हता. उलट तिथल्या कुळ्या फार जुन्या निघाल्या. जगभरचे आजचे रिडले इथूनच पसरले असावेत, असं त्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे रिडलेचं माहेर एखादं घर नसतं, अख्खी पंचक्रोशी असते. हिरव्या समुद्री कासवाचं माहेर त्या मानाने पक्कं.

घंटाळीचे आजोबा: आणि बाप? त्याचा काही हिशेब?

सानपाडा: तो भर समुद्रात हिशेब बिघडवतो. वेगवेगळ्या किनाऱ्यांच्या माद्या चरायच्या जागी किंवा वाटेत एकत्र येतात, तिथे नर जुगतात. त्यामुळे आईबाप दोघांकडून येणारा डीएनए तपासला की गटांच्या सीमा बऱ्याचदा पुसट दिसतात. आईच्या बाजूने माहेरं वेगळी आणि बापाच्या बाजूने सरमिसळ, दोन्ही एकाच वेळी खरं. 'गोत्र' त्यामुळेच नको म्हटलं.

चेंदणी कोळीवाडा: दर्याला कसलं गोत्र?

ऐरोलीकर: ठरलं. वर 'आढळक्षेत्र', नकाशाशेजारी 'गट' आणि मधल्या चौकटीचा मथळा 'कासवींची माहेरं'. लेकीने त्याखाली स्वतःच्या मनाने लिहिलंय, 'सासर नाही'. ते तसंच ठेवलंय.