ठणका, सणक, हुळहुळ: जुन्या नसदुखीवर नवी जखम झाली तर काय म्हणावं?

प्रश्न (दादर): मधुमेहानं किंवा नागिणीनंतर ज्यांच्या नसा वर्षानुवर्षं दुखतात, त्यांचा हात मोडला किंवा ऑपरेशन झालं की 'खूप दुखतंय' एवढ्यावरून जुनं कोणतं, नवं कोणतं हे डॉक्टरांना कळत नाही. मराठीत नेमके शब्द कोणते? आणि नुसत्या स्पर्शानं दुखणं, ज्याला डॉक्टर अ‍ॅलोडिनिया म्हणतात, त्याला आपला शब्द आहे का?

उत्तर (परळ): आहे, घरातलाच: हुळहुळणं. भाजल्यावर आलेली नवी कातडी हुळहुळते, तिला चादर किंवा पंख्याचा वाराही सोसत नाही. टोचल्यावर प्रमाणाबाहेर दुखणं मात्र वेगळं. तो हायपरअल्जेसिया, तिथे 'हुळहुळतं' म्हणू नये.

नसेचं दुखणं सणकतं, म्हणजे क्षणभर, एका रेषेत, वीज गेल्यासारखं. चरचरतं, आग होते, मुंग्या येतात. नव्या जखमेचा असतो तो ठणका. तो नाडीबरोबर पडतो. हात लोंबता सोडला की वाढतो, उशांवर छातीच्या वर ठेवला की बहुधा उतरतो. सणकेला त्या उशांचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून दोन्हींत फरक करायला ही साधी खूण चांगली.

पू धरला की ठसठस सुरू होते, जागा लाल आणि गरम होते, काखेत किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) येतं. ऑपरेशननंतरचा ठणका दिवसागणिक उतरायला हवा. उतरून पुन्हा चढला तर 'माझी नसच तशी' म्हणून घरी बसू नये.

पुरवणी: 'बधिर' हा शब्द फार ढिला वापरला जातो. स्पर्श कळत नाही तो बधिरपणा. हात उचलत नाही ती ताकद गेली, तिला 'जड झालाय' म्हणून भागत नाही. ब्लॉक देऊन, म्हणजे नसेजवळ सुई देऊन तेवढाच भाग बधिर करून, भूल द्यायची असेल तर आधीपासून बधिर असलेला भाग पेनानं आखून भूलतज्ज्ञांना दाखवावा आणि केसपेपरवर नोंदवून घ्यावा. नाहीतर नंतर उरलेला बधिरपणा जुना की ब्लॉकचा, हे ठरवता येत नाही. अशा भागावर शेकायची पिशवी ठेवू नये, भाजलेलं कळत नाही.

आणखी एक शब्द, 'उपाशी': ऑपरेशनच्या दिवशी 'उपाशी या' ऐकून पुष्कळजण गोळ्याही बंद करतात. प्रीगॅबलिन किंवा गॅबापेन्टिन ही नसदुखीची गोळी एकदम थांबवली की झोप उडते, घाम येतो, मळमळतं, नसदुखी उसळते. गोळी थांबवायचीच असेल तर निदान आठवडाभरात हळूहळू कमी करतात. म्हणून थेट विचारावं: 'नसेची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊ का?' नंतर ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहून दिलं तर नसदुखीसाठीच दिल्या जाणाऱ्या अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनच्या गोळ्या चालू असल्याचं आधी सांगावं. एकत्र घेतल्यास सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढण्याचा आणि झटके (फिट) येण्याचा धोका असतो. प्रीगॅबलिनबरोबर ट्रॅमाडॉलनं गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो.

दादरकरांना: 'कळ' जपून वापरा. 'कळ येते' म्हणजे दुखतं, 'कळ काढ' म्हणजे सोस. प्लास्टरमध्ये मात्र कळ काढायची नसते. बोटं दुसऱ्यानं सरळ केल्यावर असह्य दुखलं, हात उंच ठेवूनही वेदना चढतच गेली, प्लास्टर आवळल्यासारखं वाटलं तर रात्र असली तरी निघावं. आत दाब वाढून स्नायू मरतात, अवधी तासांचा असतो. जुन्या नसदुखीवाल्यांचं निदान इथेच उशिरा होतं, कारण मुंग्या त्यांना रोजच्याच.

परळहून पुन्हा: मुंबईच्या वॉर्डात हिंदी बोलणाऱ्या सिस्टरना 'कळ' म्हटलं की 'कल' ऐकू येतं आणि 'सणक' म्हटलं की 'सनक', म्हणजे लहर. तिथे 'करंट लगता है' म्हणावं. हुळहुळण्यासाठी 'कपड़ा छूने से भी दर्द होता है'. ठणक्याला हिंदीत 'टीस' जवळचा, पण 'धक-धक करके दुखता है' पटकन कळतं.