80 टक्के जीनोम 'कामाचा'? आधी काम म्हणजे काय ते ठरवा

रिकामटेकडा: 2012 ला एन्कोड प्रकल्पवाल्यांनी (जीनोमचा कुठला भाग काय करतो ते शोधणारे) सांगितलं की माणसाच्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, 80 टक्के भाग फंक्शनल, कामाचा आहे, लगेच जंक डीएनए (बिनकामाचा डीएनए) मेला म्हणून बातम्या. माझ्या मते त्यांनी शब्दच सैल केला, डीएनएच्या तुकड्याला एखादं प्रोटीन चिकटलं किंवा त्यापासून आरएनए (त्या तुकड्याची नक्कल) निघाला की झाला कामाचा! असं तर हृदय धडधडतं, डॉक्टरला त्या आवाजाचा उपयोगही होतो, मग आवाज करणं हे हृदयाचं काम का? ज्या परिणामामुळे गोष्ट नैसर्गिक निवडीत टिकली तेच तिचं काम. नाहीतर कांद्याचं काय करायचं, जीनोम आपल्या पाचपट, डीएनएची 1600 कोटी अक्षरं, एवढं कसलं काम असतं त्याला?

पिपेटवाली: आला कांदा! या विषयात तो येतोच. हार्वेने हृदय रक्त ढकलतं हे 1628 ला दाखवलं, निवड सांगणारं डार्विनचं पुस्तक 1859 चं, मग मधली सव्वादोनशे वर्षं हृदयाचं काम कुणाला माहीतच नव्हतं म्हणायचं? लॅबमध्ये आम्ही इतिहास नाही बघत, तुकडा काढला तर काय बिघडतं ते बघतो. आणि सिन्सिटिन घ्या, मुळात विषाणूचा जीन, पूर्वजांच्या जीनोममध्ये घुसून बसलेला, आज प्लासेंटा (वार) बनायला लागतो.

रिकामटेकडा: अहो ते तर माझंच उदाहरण, उपयोगी पडला म्हणून निवडीने टिकवला. हार्वेने हृदय काय करतं ते सांगितलं, ते का आहे हा प्रश्न वेगळा. आणि काढूनच बघायचं तर 2004 ला उंदरांतून डीएनएचे जीन नसलेले दोन पट्टे काढले, मिळून 20 लाखांवर अक्षरं, उंदीर मजेत.

पिपेटवाली: याचीच वाट बघत होते 😄 2007 ला अल्ट्राकन्झर्व्ड तुकडे काढले, चार, एकेक करून. माणसात आणि उंदरात अक्षरन् अक्षर सारखे, म्हणजे निवडीने जपलेले, तुमच्या व्याख्येने पक्के कामाचे. तरी उंदीर जगले, पिल्लंही झाली. बोला आता.

रिकामटेकडा: पिंजऱ्यात, आयतं खाऊन! निवडीला हजारात एकाचा फरकही पुरतो, तो पकडायला किती उंदीर लागतील आणि किती पिढ्या, विचार करा.

मूकवाचक: एरवी लिहीत नाही, पण हे जरा खटकलं. पट्टे काढून काही झालं नाही तेव्हा ते जंक, आणि तुमचे लाडके तुकडे काढून काही झालं नाही तेव्हा प्रयोग लहान? मग तुम्ही चुकलात हे कुठल्या प्रयोगातून कळणार?

रिकामटेकडा: हं. हे टोचलं. पट्ट्यांचा मुद्दा मागे घेतो, कांद्याचा नाही.